एकोणीस जूनच का?

१. आज तुमच्याकडे कसली सुट्टी?

जूनचा तिसरा आठवडा. आपल्याकडे पेरणीची धांदल, शाळा नुकत्याच भरू लागलेल्या. मुलगा किंवा सून ह्यूस्टनला, डॅलसला नोकरीला असेल, तर त्या आठवड्यात एक फोन भलत्याच वेळी येतो.

"अरे, आज ऑफिस नाही का?"

"नाही आई, जूनटीन्थची सुट्टी आहे."

"हे कुठलं नवीन?"

"गुलामगिरी संपली त्याचा दिवस."

फोन ठेवल्यावर आईला प्रश्न पडतो. शाळेत तर आपण शिकलो होतो की लिंकनने १ जानेवारी १८६३ रोजी गुलामांना मुक्त केलं. मग हा जून आला कुठून?

'जून' आणि 'नाइन्टीन्थ' हे दोन शब्द बोलता बोलता एकात मिसळले आणि 'जूनटीन्थ' झालं. एकोणीस जून, साल १८६५. त्या दिवशी टेक्सास राज्यात मुक्तीचा हुकूम जारी झाला. लिंकनच्या जाहीरनाम्यापासून मोजलं तर दोन वर्षं, पाच महिने आणि अठरा दिवस. हा सण ज्यांचा आहे त्यांनी जाहीरनाम्याची तारीख न निवडता ही निवडली, त्याला कारण आहे. मराठवाड्यातल्या वाचकाला ते चटकन कळेल. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला, पण औरंगाबाद, परभणी, नांदेडमध्ये निजामाचा अंमल चालूच होता. तिथे झेंडावंदनाची आणखी एक तारीख आहे, १७ सप्टेंबर १९४८. एका देशात स्वातंत्र्य सगळ्यांच्या दारात एकाच दिवशी येत नाही.

२. निकाल लागला, ताबा कुठे?

जमिनीचा दावा लढलेल्या कुणालाही विचारा. निकाल आपल्या बाजूने लागतो, पेढे वाटून होतात, आणि दुसऱ्या दिवशी शेतात नांगर मात्र समोरच्याचाच चाललेला दिसतो. मग दरखास्त लावायची, बेलिफाची वाट बघायची, वेळ पडली तर पोलीस बंदोबस्त मागायचा. तेव्हा कुठे ताबा मिळतो.

लिंकनच्या जाहीरनाम्याचं असंच होतं. अमेरिकेत तेव्हा सुमारे ४० लाख माणसं गुलामीत होती. ही गुलामगिरी टिकवण्यासाठी दक्षिणेतली अकरा राज्यं देशातून फुटली आणि यादवी युद्ध सुरू झालं. शांततेच्या काळात राज्यांतली गुलामगिरी मोडण्याचा अधिकार राष्ट्राध्यक्षाला नव्हता. पण सरसेनापती म्हणून शत्रूचं बळ काढून घेण्याचा होता, आणि शत्रूची शेतं, खंदक, कोठारं गुलामांच्या कष्टावरच चालत होती. लिंकनने तोच अधिकार वापरला. म्हणून जाहीरनामा फक्त बंडखोर मुलखाला लागू झाला. उत्तरेच्या बाजूने राहिलेल्या केंटकी, मिसूरी, मेरिलँड, डेलावेअर या गुलामगिरीच्या राज्यांना तो लागूच नव्हता.

आता यातली अडचण बघा. जिथे हुकूम लागू, तिथे हुकूम देणाऱ्याची सत्ता नाही. दक्षिणेतला मळेवाला लिंकनला आपला अध्यक्षच मानत नव्हता, तो त्याचा कागद कशाला मानेल? उत्तरेची फौज पुढे सरके तसतशी मुक्तीची हद्द पुढे सरके. फौज हाच या निकालाचा बेलिफ होता. हजारो गुलामांनी तर त्याची वाटही पाहिली नाही. ते रात्री-बेरात्री मळा सोडून थेट फौजेच्या छावणीत जाऊन उभे राहिले.

सगळ्या देशासाठी गुलामगिरी बंद झाली ती राज्यघटनेच्या तेराव्या दुरुस्तीने. तिला पुरेशा राज्यांची संमती मिळाली ६ डिसेंबर १८६५ रोजी. म्हणजे टेक्सासमध्ये जूनमध्ये मुक्तीची द्वाही फिरली, तरी केंटकी आणि डेलावेअरमध्ये माणूस विकत घेणं डिसेंबरपर्यंत कायदेशीरच होतं. त्या दुरुस्तीतही एक फट राहिली. गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचं काम करून घेता येईल, असं तिच्यात आहे. त्या फटीतून पुढे दक्षिणेत हजारो काळ्या माणसांना किरकोळ आरोपांवरून कैदी करून खाणीत आणि मळ्यांत जुंपलं गेलं.

३. शेवटचं टोक

मग टेक्सासच का मागे राहिलं? नकाशात बघा, ते दक्षिणेचं पश्चिम टोक आहे. मोठ्या लढाया तिथवर पोचल्या नाहीत, म्हणून फौजही पोचली नाही. उलट लुइझियाना, मिसिसिपी इथल्या मळेवाल्यांनी उत्तरेची फौज जवळ येताना पाहिली आणि गुरं हाकावीत तशी आपली माणसं टेक्सासकडे हाकलली. युद्ध संपेपर्यंत टेक्सासात सुमारे अडीच लाख लोक गुलामीत होते.

दक्षिणेचा सेनापती ली ९ एप्रिल १८६५ रोजी शरण आला. पाच दिवसांनी लिंकनवर गोळी झाडली गेली. टेक्सासकडच्या फौजेने शस्त्रं टाकली ती जूनच्या सुरुवातीला. आणि १९ जूनला गॅल्व्हेस्टन या बंदरात जनरल गॉर्डन ग्रेंजरने आपला तिसरा हुकूम जारी केला. त्याच्या दिमतीला दोनएक हजार सैनिक होते.

बातमी पोचायला अडीच वर्षं लागली, असं पुष्कळदा सांगतात. ते अर्धंच खरं आहे. मालकांना सगळं ठाऊक होतं, वर्तमानपत्रं येत होती. गुलामांच्याही कानावर कुजबुज होती. मालकाच्या जेवणाच्या टेबलाशी उभं राहणाऱ्यांकडून, घोडागाडी हाकणाऱ्यांकडून निरोप मळ्यामळ्यात फिरत. टेक्सासला उशिरा आला तो बेलिफ.

४. हुकुमात काय होतं

हुकूम अगदी छोटा, चार-सहा वाक्यांचा. पहिल्या भागात तीन गोष्टी. सगळे गुलाम मुक्त आहेत. पूर्वीचे मालक आणि पूर्वीचे गुलाम यांचे व्यक्तिगत आणि मालमत्तेचे हक्क पूर्णपणे समान आहेत. आणि यापुढे त्यांच्यातलं नातं काम देणारा आणि मजुरीवर काम करणारा, एवढंच राहील. त्या काळी, त्या ठिकाणी 'पूर्णपणे समान' हे शब्द सरकारी कागदावर येणं फार मोठी गोष्ट होती.

पण त्याच कागदाचा शेवट वाचताना घशात आवंढा येतो. मुक्त झालेल्यांनी आहे तिथेच शांतपणे राहावं, मजुरीवर काम करावं, लष्करी ठाण्यांभोवती गर्दी करू नये आणि आळशीपणाला आधार मिळेल अशी अपेक्षा धरू नये, अशी ताकीद त्यात आहे. जन्मभर फुकट राबलेल्या माणसाला सरकारने स्वातंत्र्याच्या पहिल्याच दिवशी आळसाबद्दल बजावलं. जमीन दिली नाही, बैल दिला नाही, बियाणं दिलं नाही.

त्याचा परिणाम काय झाला, ते एका हिशोबात सांगतो. समजा, एका कुटुंबाने जुन्याच मालकाची जमीन वाट्याने केली आणि दहा गासड्या कापूस पिकवला. निम्म्या, म्हणजे पाच, मालकाच्या. उरलेल्या पाचांतून बियाणं, खेचराचं भाडं आणि वर्षभर मालकाच्याच दुकानातून उधार आणलेलं पीठ-मीठ वजा व्हायचं. भाव मालक लावणार, वही मालक लिहिणार, आणि ज्याच्या नावाचं खातं त्याला अक्षर ओळखीचं नाही, कारण गुलामाला लिहाय-वाचायला शिकवणं दक्षिणेत बऱ्याच ठिकाणी गुन्हा होता. वर्षाअखेर त्या खात्यावर सहा गासड्यांचं देणं निघतं. हातात पाच, देणं सहा, म्हणून पुढचं वर्षही त्याच शेतात. आपल्याकडे उचल घेऊन फडावर गेलेल्या ऊसतोड कुटुंबाला हा हिशोब समजावून सांगावा लागणार नाही.

५. पहिल्यांदा माणसं कुठे गेली?

'राहा' असं सांगूनही कितीतरी जण त्याच दिवशी निघाले. कुठे? अनेक जण आपल्या माणसांना शोधायला.

गुलामांच्या बाजारात कुटुंब असं काही नसे. आई एका राज्यात विकली जाई, बारा वर्षांचा मुलगा दुसऱ्या. मुक्तीनंतर काळ्या लोकांच्या वर्तमानपत्रांत शोधाच्या जाहिराती येऊ लागल्या आणि पुढची कित्येक दशकं येत राहिल्या. न्यू ऑर्लिन्सच्या एका ख्रिस्ती साप्ताहिकात तर हरवलेल्या आप्तांसाठी सदरच चाले. त्या जाहिरातींची घडण ठरलेली असे. माझी आई अमुक नावाची, तिचा मालक तमुक, आम्हाला अमुक गावी विकलं तेव्हा मी एवढ्या वयाचा होतो, माझं नाव तेव्हा हे होतं, आता हे आहे. कित्येक जाहिरातींत आईची ओळख म्हणून एवढंच शिल्लक असायचं, तिचं पाळण्यातलं नाव आणि तिला विकणाऱ्याचं आडनाव. धर्मगुरूंना विनंती असे की रविवारी प्रार्थनेनंतर हे मोठ्याने वाचून दाखवा. चर्चमध्ये बाकावर बसलेल्या प्रत्येकाने कान टवकारलेले, न जाणो आपलंच नाव निघेल. सापडणाऱ्यांपेक्षा न सापडणारे फार होते.

जूनटीन्थचा मेळावा सुरुवातीपासून एवढा मोठा का भरायचा, हे यावरून समजतं. १८६६ पासून दर वर्षी त्या दिवशी पंचक्रोशीतली माणसं एका जागी येत. सगळे एकत्र जमतात म्हटल्यावर शोधाशोधही तिथेच. आपल्याकडे जत्रेत सासुरवाशिणीला माहेरचं माणूस भेटतं, तसं तिथे कुणाला वीस वर्षांनी भाऊ भेटण्याची आशा असे. प्रार्थना, ग्रेंजरच्या हुकुमाचं वाचन, म्हाताऱ्यांच्या तोंडून गुलामीच्या आठवणी, मग मिरवणूक, जेवण, चेंडूफळीचे सामने. आठवणी सांगायला म्हाताऱ्यांना पुढे बसवायचं, हा कार्यक्रमातला मानाचा भाग होता.

६. दहा एकर

पण जमायचं कुठे? सार्वजनिक जागांत काळ्यांना मज्जाव. नदीकाठ, चर्चमागचं मोकळं रान, एवढंच हाताशी. १८७२ साली ह्यूस्टनच्या लोकांनी ठरवलं, जागा आपली स्वतःची हवी. सात वर्षांपूर्वी ज्यांच्या नावावर स्वतःचं शरीरही नव्हतं, त्यांनी वर्गणी काढून ८०० ते १,००० डॉलरच्या घरात रक्कम उभी केली आणि दहा एकर जमीन घेतली. नाव ठेवलं इमॅन्सिपेशन पार्क, म्हणजे मुक्तीचं उद्यान.

पुढाकार घेणारे चौघे. रिचर्ड अॅलन विधिमंडळात निवडून गेलेले, रिचर्ड ब्रॉक लोहार, इलायस डिबल आणि जॅक येट्स धर्मगुरू. यातल्या जॅक येट्स यांची हकिगत सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. व्हर्जिनियात ते युद्धाच्या काळात मुक्त झाले होते. पण बायको-मुलं दुसऱ्या मालकाची, आणि तो मालक सगळ्यांना घेऊन टेक्सासला निघाला. येट्स यांनी बायको-मुलांबरोबर जाता यावं म्हणून पुन्हा गुलामी पत्करली. मुक्ती जाहीर झाल्यावर हा माणूस ह्यूस्टनला आला, दिवसा मालगाडा हाकू लागला आणि रात्री प्रवचन करू लागला. वर्गणीची वही घेऊन दारोदार फिरणारा असा माणूस असेल, तर कुणाचा हात खिशाकडे जाणार नाही?

पैशाअभावी सुरुवातीला ते मैदान प्रामुख्याने जूनच्या मेळाव्यापुरतंच वापरात असे. पुढे १९२२ ते १९४० या काळात ह्यूस्टनमध्ये काळ्यांना खुलं असलेलं सार्वजनिक उद्यान हे एकच होतं. त्याच्या लगतच्या रस्त्याला मात्र गुलामगिरीच्या बाजूने लढलेल्या एका अधिकाऱ्याचं नाव होतं. ते बदलून इमॅन्सिपेशन अॅव्हेन्यू व्हायला २०१७ साल उजाडलं.

७. ताटात लाल काय?

या दिवशी जेवणात काहीतरी लाल हवंच. कलिंगड, लाल सॉसेज, लाल केक, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे लाल सरबत. हल्ली स्ट्रॉबेरीचा सोडा असतो, पण त्याचं मूळ पश्चिम आफ्रिकेत आहे. तिथे पाहुण्याला लाल पेय देण्याची चाल होती, कधी कोलाच्या बियांचं, कधी एका झुडपाच्या लाल बोंडांचं. ते झुडूप तुम्ही पाहिलेलं आहे. ते म्हणजे आपली लाल अंबाडी. बोंडांच्या मांसल पाकळ्या वाळवून उकळल्या की गर्द लाल, आंबटसर पाणी सुटतं. वरून साखर आणि आलं. कॅरिबियन बेटांत आजही सणाला ते लागतंच. त्या लाल रंगात पूर्वजांचं सांडलेलं रक्तही अनेक जण पाहतात.

भेंडीचंही तसंच. ती मूळची आफ्रिकेची, आणि गुलामांच्या व्यापाराबरोबर अमेरिकेत गेली. माणसाचं नाव, भाषा, देव काढून घेता आले, पण कुठली भाजी आमटी दाट करते हे हातांना माहीत होतं, ते कुणाला काढून घेता आलं नाही.

हैतीमध्ये १ जानेवारीला घरोघरी लाल भोपळ्याचं सूप शिजतं. १ जानेवारी १८०४ हा तिथल्या गुलामांनी फ्रेंचांशी लढून मिळवलेल्या स्वातंत्र्याचा दिवस. गुलामीत हे सूप शिजवायचं त्यांनी आणि प्यायचं मालकाने. म्हणून त्या सकाळी सगळ्यांनी ते प्यायचं आणि शेजाऱ्याकडे भांडंभर पाठवायचं.

८. घराचा सण देशाचा कसा झाला

टेक्सासची माणसं कामधंद्यासाठी कॅलिफोर्नियाला, शिकागोला गेली, तसा सणही गेला. मधल्या काळात तो फिकट झाला. १९ जून १९६८ रोजी वॉशिंग्टनला गरिबांच्या हक्कांसाठी मोठा मेळावा भरला आणि तिथून परतलेल्यांनी तो आपापल्या गावी पुन्हा जागवला. १९८० पासून टेक्सासने राज्याची सुट्टी दिली. त्यासाठीचं विधेयक ह्यूस्टनचे आमदार अल एडवर्ड्स यांनी आदल्या वर्षी मांडलं होतं.

देशाच्या सुट्टीसाठी मात्र एक आजी चालल्या. ओपल ली, जन्म १९२६. त्या बारा वर्षांच्या असताना त्यांचं कुटुंब फोर्ट वर्थमध्ये गोऱ्यांच्या वस्तीत राहायला गेलं. काही दिवसांतच जमावाने घर फोडून जाळलं. तारीख होती १९ जून १९३९. २०१६ साली, ८९व्या वर्षी, त्या वॉशिंग्टनच्या दिशेने पायी निघाल्या. गावोगावी अडीच मैल चालायच्या, टेक्सासने वाट पाहिलेल्या अडीच वर्षांसाठी. १७ जून २०२१ रोजी अध्यक्ष बायडेन यांनी सुट्टीच्या कायद्यावर सही केली, तेव्हा त्या शेजारी उभ्या होत्या. २०२४ साली जळालेल्या घराच्या त्याच जागेवर त्यांचं नवं घर उभं राहिलं.

९. गावोगावच्या तारखा

अमेरिकेत सगळीकडे एकोणीस जूनच होता असं नाही. वॉशिंग्टन शहरात १६ एप्रिल, कारण तिथे १८६२ सालीच वेगळा कायदा झाला. फ्लोरिडात २० मे. जिथे ज्या दिवशी कायदा झाला किंवा हुकूम वाचला गेला, तिथली तीच तारीख.

कॅरिबियनमधल्या इंग्रजी वसाहतींत १ ऑगस्ट. पण साल विचाराल तर दोन सांगतात. १ ऑगस्ट १८३४ ला कायदा लागू झाला, आणि मोठ्यांना लगेच 'शिकाऊ कामगार' ठरवून आठवड्याला ४५ तासांपर्यंत त्याच मालकाकडे बिनपगारी राबवलं गेलं. खरी सुटका १ ऑगस्ट १८३८ ला झाली. त्या मध्यरात्री जमेकातल्या फॅल्मथ गावी लोकांनी एक शवपेटी आणली, तिच्यात साखळी, चाबूक आणि गळ्यातलं लोखंडी कडं ठेवलं आणि चर्चच्या आवारात पुरून टाकली. भरपाई मात्र मालकांना मिळाली, २ कोटी पौंड. त्यासाठी इंग्लंडने काढलेलं कर्ज २०१५ साली फिटलं.

अमेरिकेतल्या मुक्तीची दखल पुण्यात एका माणसाने घेतली. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' छापलं आणि ते अर्पण केलं अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या सदाचारी लोकांना. गॅल्व्हेस्टनच्या हुकुमाला तेव्हा आठच वर्षं झाली होती. शूद्रातिशूद्रांच्या स्थितीला त्यांनी गुलामगिरी हाच शब्द वापरला, आणि आपल्या देशबांधवांनीही हा कित्ता गिरवावा अशी आशा त्या अर्पणपत्रिकेत व्यक्त केली.

१०. मॉर्नचा डोंगर

मॉरिशसची तारीख १ फेब्रुवारी, साल १८३५. त्या बेटाशी आपलं नातं आहे. गुलाम सुटले तेव्हा उसाच्या मळ्यांना हात हवे होते, म्हणून हिंदुस्थानातून करारावर मजूर नेले गेले. त्यांत रत्नागिरीकडची, कोकणातली मराठी माणसंही होती. त्यांच्या वंशजांमुळे आज तिथे गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. मजूर येऊ लागल्याची आठवण तिथे २ नोव्हेंबरला पाळतात, बंदरावरच्या आप्रवासी घाटाजवळ. एक दिवस साखळीतून सुटलेल्यांचा, दुसरा करारात अडकलेल्यांचा, आणि राबायचं शेत दोघांचंही उसाचंच.

बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्रात घुसलेला एक उभा कडा आहे, ल मॉर्न. मळ्यांतून पळालेले गुलाम त्याच्या माथ्यावर, गुहांत लपून राहत. तिथले लोक पिढ्यानपिढ्या एक गोष्ट सांगत आले आहेत. गुलामगिरी संपल्याचं सांगायला शिपायांची एक तुकडी डोंगरावर पाठवली. वरच्यांनी खाली पाहिलं, तर शिपाई चढत होते. आजवर शिपाई आले ते पकडायलाच. या वेळी ते कशासाठी आले हे वर कुणाला ऐकू जाण्याआधीच माणसांनी कड्यावरून उड्या टाकल्या.

दर १ फेब्रुवारीला लोक त्या डोंगराच्या पायथ्याशी फुलं घेऊन जमतात.